मिलिंगच्या नीला मोटर बसवण्याआधी

एम१टीआर या मिलिंग मशिनच्या नीला, म्हणजे टेबल वर-खाली नेणाऱ्या भागाला, मोटर लावायचं ठरलं की पहिला फोन मोटरवाल्याला जातो. तो थोडा थांबवा. आधी हँडल हातात घ्या आणि नी अगदी खालपासून वरपर्यंत एकदा स्वतः चढवा. मेट्रिक मशिनवर बहुधा एका फेऱ्याला २.५ मिलीमीटर असतात. म्हणजे ४०० मिलीमीटरसाठी १६० फेरे. ऑपरेटरचा खांदा संध्याकाळी का भरून येतो ते कळेल, आणि नी नेमकी कुठे जड जाते तेही.

ती जड जागा खडूने खूण करून ठेवा. जुन्या मशिनची कॉलमची, म्हणजे नी ज्यावर चढते त्या खांबाची, स्लाइड मधल्या भागात झिजलेली असते. मधली ढिलाई काढायला गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) आवळली की टोकांना नी आवळते. हाताला हे लगेच जाणवतं, मोटरला नाही. ती मुकाट्याने ओढत राहते आणि एक दिवस बेव्हल गिअरचे दाते जातात. म्हणून नीचे लॉक पूर्ण ढिले करा, वायपरमागचा (स्लाइड पुसणाऱ्या पट्टीमागचा) बुरादा काढा, स्लाइडला तेल आणि स्क्रूला वंगण द्या, गिब बघा आणि मगच मोजमापाला लागा.

मोजमाप स्प्रिंगच्या काट्याने होतं. टेबलावर व्हाइस आणि नेहमीचा सगळ्यात जड जॉब ठेवा, काटा हँडलच्या मुठीला अडकवून काटकोनात ओढा आणि नी चढताना काटा किती दाखवतो ते टिपा. मूठ शाफ्टपासून २०० मिलीमीटरवर आणि ओढ ६ किलो असेल, तर टॉर्क सुमारे १२ न्यूटन-मीटर. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ही नी चढवायला साधारण ७५ वॅट पुरतात. पाव एचपीची, म्हणजे १८६ वॅटची गिअर मोटर घेतली की गिअरबॉक्समधली घट धरूनही हात राखून काम होतं. वेग मिनिटाला १५० मिलीमीटर पडतो. याहून जास्तीचा हट्ट मी धरणार नाही.

तयार युनिट घेणार असाल तर शाफ्टचा व्यास, चावीचं माप आणि बाहेर किती शाफ्ट शिल्लक आहे हे मोजून न्या. मोठ्या रेशोचा वर्म गिअरबॉक्स बाहेरच्या टोकाकडून फिरत नाही, त्यामुळे हातानेही नी चालवायची तर मध्ये क्लच हवाच. डायल झाकली जाता कामा नये, कारण शेवटचे काही मिलीमीटर हातानेच घ्यायचे आहेत, तेही खालून वर येत, म्हणजे बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) एकाच बाजूला राहतो.

हँडलचं आधी ठरवा. मोटरबरोबर फिरणारं हँडल पायावर बसलं तर हाड मोडेल. स्प्रिंगने दात्यांतून आपोआप बाहेर येणारं हँडल नसेल तर ते काढून ठेवायची जागा मशिनवरच करा.

वायरिंगसाठी इंटरलॉक असलेले, म्हणजे एका वेळी एकच लागेल असे, दोन कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारे स्विच, एक वर जायला, एक खाली), ओव्हरलोड रिले, इमर्जन्सी स्टॉप, पक्कं अर्थिंग आणि नी टोकाला आली की मोटर थांबवणारे दोन लिमिट स्विच लागतील. बटण दाबून धरलं तरच नी चालली पाहिजे, सोडलं की थांबली पाहिजे. वरचा लिमिट स्विच नीला वाचवतो, कटरला नाही. क्विल (कटर धरून खाली-वर होणारा भाग) किती खाली आहे आणि टूल किती लांब आहे हे त्या स्विचला कळत नाही. तिथे माणसाचं बोटच लागतं.

पहिली चाचणी व्हाइस उतरवून, नी मध्यावर ठेवून घ्या. चालत्या नीवर दोन्ही लिमिट स्विच एकेक करून लाकडी पट्टीने दाबून बघा. थ्री फेज असेल तर दिशा खास तपासा. दोन फेज उलटल्या की ‘वर’चं बटण नी खाली नेतं, आणि खालचा स्विच दाबला तरी ती थांबत नाही, कारण तो स्विच दुसऱ्याच कॉन्टॅक्टरच्या वाटेत असतो. मशीन हलवलं किंवा शेडची लाइन बदलली की ही तपासणी पुन्हा करायची.