विमानातून शहराची हवा मोजताना

जमिनीवरचे हवा-गुणवत्ता केंद्र आपल्या खांबाभोवतीची हवा मोजते. धूर जिच्यात मिसळतो, वर चढतो, रासायनिक रूप बदलतो आणि वाऱ्याबरोबर पुढच्या प्रदेशात जातो, ती शहरावरची दीड-दोन किलोमीटर जाडीची हवा त्या केंद्राला दिसत नाही. उपग्रहाला ती दिसते, पण वरपासून खालपर्यंतचे सगळे थर एकावर एक रचलेले. मधल्या उंचीवर काय आहे हे जाणायचे असेल तर उपकरण तेथे न्यावेच लागते. अशी मोहीम प्रथमच आखणाऱ्या गटासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यातला मोठा भाग उपकरणांऐवजी उपकरणापर्यंत हवा आणणाऱ्या नळीविषयी आहे, कारण माझ्या अनुभवात मोहिमा बिघडतात त्या बहुतेक नळीत.

सर्वप्रथम प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. प्रदूषण उंचीनुसार कसे विभागले आहे, शहर दर तासाला किती सूक्ष्मकण बाहेर सोडते, आणि शहराबाहेर गेलेला धूर वाटेत कसा बदलतो, हे तीन वेगळे प्रश्न असून प्रत्येकाला वेगळा उड्डाणमार्ग लागतो. एकाच उड्डाणात तिन्ही बसवण्याचा मोह होतो, कारण इंधन महाग असते; पण तसे केल्यास तिन्हींची उत्तरे अर्धवट हाती येतात.

वाहनाची निवड या प्रश्नावरूनच होते. ड्रोन स्वस्त आहे, परंतु अनेक देशांत त्याला १२० मीटरपर्यंतच परवानगी असते, आणि त्याचे पंखे हवा इतकी ढवळतात की कण शोषणारी नळी पंख्यांच्या पातळीच्या बरीच वर उभी करावी लागते. ड्रोनवर बसणारे छोटे लेझर संवेदक धुक्याचे थेंबही कण म्हणूनच मोजतात, म्हणून दमट पहाटेचे आकडे आर्द्रतेच्या नोंदीशिवाय वापरू नयेत. दोरीने बांधलेला फुगा शांत हवेत उत्तम काम करतो. शहराची पूर्ण रुंदी आणि पूर्ण उंची हवी असेल तर मात्र विमानाला पर्याय नाही, आणि यापुढचे विवेचन विमानाविषयी आहे.

विमान सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने जात असते, तर आतल्या उपकरणाला मिनिटाला एखादा लिटर हवा हवी असते. या दोहोंचा मेळ इनलेटने, म्हणजे बाहेर काढलेल्या शोषणनळीने घालायचा असतो. नळीच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेचा वेग बाहेरच्या हवेच्या सापेक्ष वेगाइतकाच राखावा. यालाच आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. आतला वेग कमी पडला तर हवेचा काही भाग तोंडाला वळसा घालून निघून जातो, पण जड कण आपल्या जडत्वामुळे सरळ आत येतात आणि भरड कण खऱ्यापेक्षा जास्त मोजले जातात. आतला वेग जास्त झाला तर आजूबाजूची हवा ओढली जाते, जड कण मात्र वळू न शकल्याने पुढे निघून जातात, आणि मोजणी कमी येते. अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा लहान कण हवेबरोबर सहज वळत असल्याने त्यांना या चुकीची फारशी झळ लागत नाही. काजळी आणि सल्फेट यांचे आकडे म्हणूनच तुलनेने भरवशाचे असतात आणि धुळीचे नसतात. पुढे नळी रुंद करून वेग उतरवताना हवेत भोवरे पडतात व मोठे कण भिंतींना चिकटतात. काही मायक्रोमीटरच्या वरचे कण केबिनमध्ये पुरेसे पोहोचतच नाहीत हे आधीच मान्य करावे आणि भरड धूळ मोजायची असल्यास पंखाखाली बसवलेले, हवा नळीत न घेता थेट वाहत्या प्रवाहात मोजणारे उपकरण वापरावे. केबिनमधल्या उपकरणावरून पीएम१०, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे प्रमाण, सांगणारा अहवाल मी तरी संशयानेच वाचतो.

इनलेटचे तोंड विमानाच्या पृष्ठभागालगत मंदावलेल्या हवेच्या थराबाहेर, इंजिनांच्या पुढे आणि विमानातील कोणत्याही वायुनिकासापासून दूर असावे. चढताना आणि उतरताना विमानाच्या नाकाचा कोन बदलतो व हवा नळीत तिरकी शिरते. त्यासाठी एकाच ठिकाणी एकदा चढत व एकदा उतरत मोजून दोन्ही आलेख जुळतात का हे पहिल्याच उड्डाणात तपासावे.

वेगाने येणारी हवा नळीत थांबली की तापते. सेकंदाला १०० मीटर वेगाला ही वाढ सुमारे ५ अंश सेल्सिअस असते, आणि २०० मीटरला सुमारे २० अंश, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात केबिनच्या उबेची भर पडते. कणांमधले पाणी उडून जाते, तापमानाला नाजूक असलेल्या अमोनियम नायट्रेटचाही काही भाग वायुरूप होतो, आणि बाहेर फुगलेला कण आत सुकलेला पोहोचतो. पाण्याचा हा हिशेब क्षुल्लक नाही: ८० टक्के आर्द्रतेत ओल्या अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास कोरड्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे आकारमान तिपटीच्या आसपास असते. अर्धवट सुकलेल्या अवस्थेत मोजण्यापेक्षा नमुना हेतुपुरस्सर ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेपर्यंत सुकवावा, नळीत थांबण्याचा वेळ कमीत कमी ठेवावा आणि बाहेरची आर्द्रता स्वतंत्र नोंदवावी. दृश्यमानतेचा प्रश्न असेल तर कणांनी विखुरलेला प्रकाश मोजणारे दोन नेफेलोमीटर, एक कोरड्या व एक दमट हवेवर, शेजारी शेजारी चालवून फुगण्याचे गुणोत्तर प्रत्यक्ष मोजावे.

आतली नळी कणांसाठी स्टेनलेस स्टीलची असावी. टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार साचतो आणि तो कण ओढून घेतो. वायूंसाठी मात्र तेच टेफ्लॉन योग्य. काळी, विद्युतवाहक सिलिकॉन नळी हाताळायला सोपी असते, पण तिच्यातून सुटणारी सिलिकॉनयुक्त बाष्पे रासायनिक विश्लेषणात डोकावतात. वळणे कमी आणि सौम्य ठेवावीत. त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन विलंबकाळ काढावा: आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या २ मीटर लांब नळीत सुमारे २५ घनसेंटिमीटर हवा मावते, आणि मिनिटाला १ लिटर प्रवाह असल्यास ती ओलांडायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात विमान १५० मीटर पुढे गेलेले असते. एका उड्डाणात आमच्या एका उपकरणाचे घड्याळ ४० सेकंद मागे राहिले होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि नकाशावर चिमणीचा धूर चिमणीच्या ४ किलोमीटर अलीकडे, चक्क वाऱ्याच्या उलट दिशेला उमटला. तेव्हापासून उड्डाणापूर्वी सर्व उपकरणांसमोर एकाच क्षणी थोडा धूर सोडून प्रत्येकाची उसळी किती सेकंदांनी येते हे मी नोंदवून ठेवतो.

उपकरणे निवडताना प्रत्येकाला काय दिसत नाही हे आधी विचारावे. संघनन कणगणक ब्युटेनॉलच्या बाष्पाने अतिसूक्ष्म कण फुगवून लेझरने मोजतो. तो जलद आहे, पण कण कशाचे आहेत ते सांगत नाही. कण विद्युतक्षेत्राने आकारानुसार वेगळे करणारे उपकरण जमिनीवर आदर्श मानले जाते, परंतु त्याची एक फेरी एक ते दोन मिनिटांची असते, आणि तेवढ्यात विमान ६ ते १२ किलोमीटर जाते, म्हणजे कधी कधी शहरच संपते. एरोसॉल मास स्पेक्ट्रोमीटर सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि सेंद्रिय भाग वेगळा दाखवतो, पण काजळी आणि धूळ त्याच्या तापमानाला बाष्परूप होत नसल्याने निसटतात; काजळीसाठी कण लेझरने तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजणारे उपकरण जोडावे लागते. फिल्टरवर कण साठवून प्रकाशशोषण मोजणारी उपकरणे स्वस्त असली तरी चढ-उतारात दाब व आर्द्रता बदलताच खोटी उसळी देतात, म्हणून त्यांचे आकडे एका पातळीवरच्या उड्डाणातलेच घ्यावेत. या सर्वांबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा जलद मापक असावाच. ज्वलनातून तो काजळीबरोबर निघतो आणि काही तासांत त्यात फारसा बदल होत नाही. त्यामुळे कणांच्या वाढीला त्याच्या वाढीने भागले की केवळ हवा पातळ झाल्याचा परिणाम निघून जातो. शहरापासून दूर जाताना सेंद्रिय कणांचे हे गुणोत्तर वाढत असेल तर वाटेत नवे कण-द्रव्य तयार होत आहे असे समजावे.

उड्डाणाची वेळ निव्वळ सोयीवर सोडू नये. सकाळी जमिनीलगतची थंड हवा धुराला काहीशे मीटरमध्ये कोंडून ठेवते, आणि दुपारी तोच धूर एक-दोन किलोमीटर उंचीत पसरतो. जमिनीवरचा आकडा निम्मा होतो, पण प्रदूषण एक ग्रॅमनेही घटलेले नसते. अडचण अशी की दाट वस्तीवर विमानाने सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान ३०० मीटर वर राहावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणजे सकाळचा कोंडलेला थर नेमका विमानाच्या खाली राहतो. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे विमानतळावर उतरण्याच्या मार्गाने धावपट्टीजवळ येऊन न टेकता पुन्हा वर जाणे. उरलेली पोकळी फुग्याने भरावी. नासाच्या २०११ ते २०१४ दरम्यानच्या डिस्कव्हर-एक्यू मोहिमांत विमान दिवसातून अनेक वेळा त्याच त्या जमिनीवरील केंद्रांवर वर्तुळाकार चढत-उतरत असे. ही पद्धत अनुकरणीय आहे, कारण वरचा आलेख खालच्या आकड्याशी तत्काळ जोडता येतो. मिनिटाला १५० मीटर वेगाने उतरल्यास ३ किलोमीटरचा स्तंभ २० मिनिटांत होतो. वर्तुळाकार उडताना आपलाच धूर परत नाकात येण्याची शक्यता तपासावी. कणगणक आणि नायट्रिक ऑक्साइड एकाच सेकंदाला उसळले तर दोष बहुधा आपल्या इंजिनाचा असतो.

शहराचे एकूण उत्सर्जन हवे असल्यास दुपारी, सीमास्तराची, म्हणजे धूर ज्यात मिसळतो त्या जमिनीलगतच्या थराची, उंची स्थिरावल्यावर आणि वारा समान असताना, शहराच्या वाऱ्याकडच्या व विरुद्ध बाजूला वेगवेगळ्या उंचींवर आडव्या रेषा उडून हवेची भिंत रंगवावी. समजा, विरुद्ध बाजूला ३० किलोमीटर रुंद व १ किलोमीटर उंच भिंतीत कण वाऱ्याकडच्या बाजूपेक्षा सरासरी २० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरने जास्त आहेत आणि वारा भिंतीला काटकोनात सेकंदाला ५ मीटर आहे. गुणाकार केल्यास शहर सेकंदाला ३ किलो, म्हणजे तासाला सुमारे ११ टन कण बाहेर पाठवत आहे असे निघते. वाऱ्यातली २० टक्क्यांची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरते, म्हणून वारा विमानावर मोजलेलाच वापरावा.

ढगात शिरल्यावरचे आकडे टाकून द्यावेत, कारण थेंब इनलेटवर आपटून फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांचे हजारो खोटे कण होतात. दर अर्ध्या तासाने हवा काही मिनिटे सूक्ष्म फिल्टरमधून घेऊन शून्य येते का ते पाहावे. दाब कमी झाल्यावर जमिनीवर घट्ट वाटणारे सांधे गळू लागतात आणि केबिनमधली हवा आत शिरते. ज्ञात आकाराच्या पॉलिस्टायरीन गोळ्यांनी आकारमापकाची तपासणी उड्डाणाच्या आधी आणि नंतरही करावी.

शेवटी एककांचा घोळ. ३ किलोमीटरवर दाब सुमारे ७०१ हेक्टोपास्कल व प्रमाण तापमान सुमारे उणे ४.५ अंश असते. तेथे मोजलेले १० मायक्रोग्रॅम शून्य अंश व १०१३ हेक्टोपास्कलवर आणले की १४ च्या वर जातात. निरनिराळ्या उंचींची तुलना करताना या प्रमाण स्थितीतला आकडा घ्यावा, पण जमिनीवरच्या केंद्राशी तुलना करताना ते केंद्र कोणत्या तापमान-दाबावर आकडे देते हे आधी पाहून दोन्ही एकाच स्थितीला आणावेत. आकड्यांच्या तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभाच्या नावातच स्थिती लिहावी आणि मूळ, न सुधारलेली फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवून मगच विमानाची वीज बंद करावी.