ऑक्टोबरात मुंबईला जाताना बॅगेत काय भरावे

कर्नाटकातील शाळांना सहामाहीनंतरची मोठी सुटी दसऱ्याला मिळते आणि महाराष्ट्रातील शाळांना ती दिवाळीत असते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आपली कुटुंबे मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात ती बहुधा ऑक्टोबरच्या ऐन उकाड्यात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो, आकाश मोकळे होते, ऊन चढते, आणि पावसाने मुरलेली जमीन व शेजारचा समुद्र यांची वाफ हवेत भरून राहते. दुपारचे तापमान सुमारे ३३-३४ अंशांपर्यंत जाते. हा आकडा आपल्याकडच्या एप्रिलपेक्षा कमीच आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात घाम आला तरी वाऱ्याने तो वाळतो आणि अंग निवते. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, अंगावरच राहतो, आणि रात्रीही पारा फारसा उतरत नसल्याने शरीराला विसावा मिळत नाही.

म्हणून बॅग भरताना ‘हे किती पातळ आहे’ यापेक्षा ‘हे किती लवकर वाळेल’ हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा. पहिल्या खेपेस मी हा विचार केला नव्हता. दोन जाड जीन्स आणि दोन टर्किश टॉवेल नेले; धुतलेली जीन्स दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमरेपाशी ओलीच होती आणि टॉवेलांना तिसऱ्या दिवशी कुबट वास येऊ लागला. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेतो. शंका असलेला कपडा रात्री धुऊन, पिळून, खिडक्या लावलेल्या खोलीत पंख्याशिवाय टांगायचा. सकाळपर्यंत तो वाळला तर बॅगेत जातो, नाही तर कपाटात परततो. खानापूरच्या बाजूला पावसाळा काढलेल्यांना ओल्या कपड्यांची ही पंचाईत वेगळी सांगायला नकोच.

या परीक्षेत टिकते ते मलमल, पातळ सुती कापड आणि लिनन. निव्वळ पॉलिएस्टरचे कपडे सर्वांत आधी वाळतात हे खरे, पण ते घाम शोषत नाहीत आणि अंगाला चिकटतात, म्हणून ते मी नेत नाही. पाच दिवसांसाठी सहा-सात सैल सदरे किंवा कुर्ते, दोन हलक्या पँट आणि रात्रीसाठी सुती कपड्यांचे दोन जोड पुरतात. आतले कपडे मात्र दिवसाला दोन या हिशेबाने घ्यावेत, कारण मुंबईत संध्याकाळी दुसऱ्यांदा अंघोळ करावीच लागते. फिकट आकाशी आणि राखाडी रंगांवर घामाचे डाग ठळक दिसतात; पांढरा किंवा गडद निळा रंग बरा. टॉवेलऐवजी पंचा न्यावा, तोही दोन.

सणासुदीला रेशमी साडी नेण्याचा मोह होतो. न्यायचीच असेल तर ती प्लॅस्टिकमध्ये न ठेवता पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावी, कारण कोंडलेल्या ओलाव्याने जरीकाम काळे पडते. माझ्या मते इथे इरकल साडी अधिक शहाणपणाची, कारण अंगाला सुती आणि पदराला रेशीम असल्याने सणाची शोभाही राहते आणि गर्दीत जीवही घुसमटत नाही.

आता खाऊ. आपल्या माणसांची बॅग निम्मी त्यानेच भरते आणि दमट हवेत सर्वाधिक हानीही त्याचीच होते. मांडे नेताना फार जपावे. हवा लागताच पिठीसाखर ओलसर होते आणि कुरकुरीत पापुद्रे लोळागोळा होतात. म्हणून ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मध्ये कागद घालून भरावेत आणि पोहोचल्यावर एकदाच उघडून वाटून टाकावेत. कुंदा दुधाचा असल्याने उकाड्यात फार काळ टिकत नाही. तो निघण्याच्या दिवशीच ताजा घ्यावा, किती दिवस टिकेल हे दुकानदाराला विचारावे आणि उतरल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावा. गोकाकचा करदंट या सर्वांत निर्धास्त. गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचा असल्याने त्याला प्रवास सोसतो, फक्त तो बॅगेच्या तळाशी दाबून ठेवू नये. चकली-चिवड्यासाठी साध्या पिशव्या टाळाव्यात.

पायांसाठी उघड्या चपला किंवा सँडल उत्तम. कातडी बूट तिथे दोन-तीन दिवस बंद राहिले तर त्यांवर बुरशी धरते. कार्यक्रमासाठी न्यावेच लागले तर आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालावेत. मांड्या, काखा, बोटांच्या बेचक्या येथे घामाने गजकर्ण उठते, तेव्हा अंग पुसून कोरडे करण्याची सवय आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली बुरशीनाशक पावडर दोन्ही सोबत असावीत. पावसानंतर डास वाढतात आणि डेंग्यू-मलेरियाचा धोका असतो, म्हणून डासांचे मलम आणि लांब बाह्यांचा एक पातळ सदरा हवाच. ओआरएसची चार पाकिटे ठेवावीत. ती संपली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घ्यावे. प्रमाण अचूक हवे, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलांना ते घातक ठरू शकते.

परतीच्या पावसाची एखादी सर दुपारनंतर गडगडाटासह येऊ शकते, त्यासाठी घडीची छत्री पुरे; रेनकोटाच्या आत माणूस पावसापेक्षा घामानेच भिजतो. स्वेटर घरीच ठेवावा, मात्र रात्रीच्या वातानुकूलित बसमध्ये पहाटे गारठा जाणवतो, म्हणून एक पातळ शाल हाताशी असावी. शहरात फिरताना पाठीवरच्या सॅकमुळे पाठ चिंब होते; खांद्याला अडकवायची कापडी पिशवी हलकी पडते आणि लोकलच्या गर्दीत पुढे धरता येते.

परत निघताना एखादा तरी कपडा ओलसर राहतोच, त्यासाठी रिकामी प्लॅस्टिकची पिशवी जातानाच बॅगेत टाकावी. घरी पोहोचल्यावर ती पिशवी सर्वांत आधी उघडावी आणि रिकामी केलेली बॅग दिवसभर अंगणातल्या उन्हात पालथी घालावी.