डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा: खुर्चीशेजारून सांगते

बारावीनंतर "नीटमध्ये मार्क कमी पडले, मग आता काय?" या प्रश्नावर कुणीतरी डेंटल हायजिनिस्टचं नाव सुचवतं आणि आपण चौकशीला लागतो. माझ्या वर्गातले बहुतेक जण असेच आले होते. आलात तर हरकत नाही, पण "डॉक्टर नाही तर निदान हे" असा विचार मनात ठेवून दोन वर्षं काढू नका. कामच वेगळं आहे.

1948च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये हायजिनिस्टचं काम स्पष्ट आहे. दात साफ करणं, त्यांवरचं कीटण काढणं, पॉलिश करणं आणि तोंडाची निगा कशी राखायची ते शिकवणं. दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल यांतलं काही नाही. नातेवाईक "म्हणजे डॉक्टरच ना?" असं विचारत राहतात आणि लग्नाच्या बायोडाटात तसं लिहूनही टाकतात, तो भाग वेगळा. खुर्चीजवळ उभं राहून हत्यारं हातात देणारी असिस्टंट आणि कवळ्या बनवणारा मेकॅनिक हे दोघं निराळे. हायजिनिस्टची राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी होते. त्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजातला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. सहा महिन्यांत "डेंटल हायजीन सर्टिफिकेट" देणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली, तर फी विचारण्याआधी एवढंच विचारा: याच्यावर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळेल का?

कॉलेज निवडताना इमारत, होस्टेल, वेबसाइट बघू नका. सकाळी दहा वाजता हिरड्यांच्या विभागात, म्हणजे पेरिओमध्ये, जाऊन बाकावर बसा. बाहेर किती पेशंट आहेत? आणि मुख्य म्हणजे ते कुणाच्या खुर्चीवर जातात? डेंटल कॉलेजात बीडीएसची (दंतवैद्यकीच्या पदवीची) मुलं, इंटर्न आणि एमडीएसवाले (पदवीनंतर तज्ज्ञ होणारे) सगळ्यांनाच पेशंट हवे असतात. त्यांचा कोटा पूर्ण झाल्यावर उरतात ते हायजिनिस्टच्या वाट्याला येतात. जिथे गर्दी कमी, तिथे तुम्ही दोन वर्षं ट्रे लावत आणि नोंदवही भरत बसाल. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, ती खरं सांगतात.

पहिल्या वर्षाची थिअरी पाठ होते, तिचं मला फार कौतुक नाही. शरीररचना, सूक्ष्मजीव, औषधं, दातांची रचना. दोन आकडी दंतक्रमांक मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवेत. डॉक्टर "छत्तीस" म्हणाले की बोट खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेवरच गेलं पाहिजे.

खरं शिक्षण हाताचं. आरसा, प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई), क्युरेट (कीटण खरवडायचं हत्यार). ग्रेसी नावाच्या क्युरेटचं पातं दांड्याशी सुमारे 70 अंशांत कललेलं असतं आणि त्याची एकच कड कापते. प्रत्येक क्रमांक ठरावीक जागेसाठी असतो: 11-12 दाढेच्या पुढच्या बाजूला, 13-14 मागच्या बाजूला. कड उलटी धरली तर कीटण निघत नाही, नुसतं घासलं जातं आणि वरून गुळगुळीत होऊन बसतं. हत्यार पेनसारखं धरायचं, पण अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली हवी. तो टेकू सुटला की पेशंटने मान हलवताच पातं हिरडीत जातं. हिरडीखालचं कीटण डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना कळावं लागतं. तांदूळ निवडताना न बघता खडा बोटाला लागतो, तसं. ते यायला महिने जातात. तोवर प्लॅस्टिकच्या दातांच्या मॉडेलवर कंटाळा येईपर्यंत सराव करा.

हल्ली सगळीकडे कंपनांनी कीटण सोडवणारं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. पाणी उडतं, काम भराभर होतं आणि विद्यार्थी हातकामाला टाळाटाळ करतात. पेसमेकर असलेल्या पेशंटला मशीन लावण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागतं, आणि दात-हिरडीमधल्या खोल खाचेत शेवटी क्युरेटच लागतो. त्याला धार लावायलाही शिका. बोथट क्युरेटने जोर जास्त लागतो आणि मनगट जातं.

पेशंट बसल्या बसल्या शुगर, बीपी, गरोदरपण, रक्त पातळ करायची गोळी, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन हे सगळं विचारायची सवय लावा. "काही नाही हो" म्हणणाऱ्या काकांच्या खिशात गोळ्यांची पट्टी निघते.

आपल्याकडच्या तोंडांबद्दल इंग्रजी पुस्तकात फारसं सापडत नाही. मशेरी लावणाऱ्या मावश्यांच्या दातांवरचे काळे डाग पाहून "तंबाखू खाता का?" विचारलं तर त्या ठामपणे नाही म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं. मशेरी हे त्यांचं दात घासणं. तेव्हा "दात कशाने घासता?" असं विचारायचं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विशीतली मुलं येतात आणि तोंडात त्यांची स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत. अशा वेळी स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं, बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवायचं.

आणि हे वाक्य तर रोज ऐकाल: "ताई, साफ केलं की दात हलायला लागतात म्हणे." हसू नका. त्यांनी शेजारणीचं पाहिलेलं असतं. दातांभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाच्या थराने दात एकमेकांना जखडलेले असतात, तो थर निघाला की ढिलेपणा जाणवतो. खालच्या पुढच्या दातांत फटीही दिसायला लागतात. हे काम सुरू करण्याआधी आरसा हातात देऊन सांगायचं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. प्लाकला, म्हणजे दातांवरच्या चिकट थराला, रंगवणारं गुलाबी द्रावण याच कामाचं आहे. रंगलेले दात स्वतः पाहिल्यावर ब्रश 45 अंशांत हिरडीकडे तिरका का धरायचा, हे वेगळं पटवावं लागत नाही.

क्लिनिकल पोस्टिंगआधी, म्हणजे पेशंटवर काम सुरू होण्याआधी, हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सुरू करा. नेहमीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असं असतं, म्हणजे उशिरा जाग आली तर अर्धं वर्ष गेलंच. मान आणि कंबर पहिल्याच वर्षी बोलायला लागतात. पेशंटकडे वाकण्याऐवजी खुर्ची वरखाली करा.

नोकरीचं आता. खासगी दवाखान्यात डॉक्टर स्केलिंग स्वतः करतात किंवा नव्या बीडीएसकडून करून घेतात, त्यामुळे नुसत्या हायजिनिस्टला ठेवणारे कमी. ठेवलं तरी अपॉइंटमेंट, स्टरिलायझेशन, बिलं सगळं अंगावर येतं. सरकारी जागा आहेत, पण मोजक्या: रेल्वेच्या 2024 च्या पॅरामेडिकल भरतीत देशभरात हायजिनिस्टच्या तीन जागा होत्या. म्हणून डिप्लोमा झाल्यावर जिथे हिरड्यांचे तज्ज्ञ बसतात असं क्लिनिक शोधा. तिथे या हाताची किंमत कळते, आणि अनुभवाचं पत्रही मिळतं. पुढच्या अर्जांना ते लागतं.

परदेशाचं स्वप्न असेल तर आधीच हिशेब करा. अमेरिकेत हा पेशा मोठा आहे. 1913 साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी पहिली शाळा काढली, तेव्हापासूनचा. पण तिथल्या बहुतेक राज्यांत तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकावं लागतं, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. आपला डिप्लोमा नेऊन थेट काम मिळत नाही. फ्लोरिडात परदेशी दंतवैद्यांना हायजिनिस्टच्या परवान्याची वाट आहे, म्हणून लग्न होऊन तिकडे गेलेल्या बीडीएस मुली ती धरतात. ती वाट बीडीएसवाल्यांची, आपली नाही. ब्रिटनमध्ये 2013 पासून हायजिनिस्टकडे पेशंट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट जाऊ शकतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करायचं आहे, हे धरूनच प्रवेशाचा अर्ज भरा.