जुनं एचिंग फ्रेमला देताय? आधी हे बघा

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत चरकपूजेचं जुनं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, सापडलं. उंच खांब, त्यावर आडवं लाकूड, त्याच्या टोकाला पाठीत आकडे अडकवून गरगर फिरणारा माणूस अन खाली ढोलवाले. पूजा बंगालची, चैत्र संपताना शिवासाठी करतात, पण आपण सोलापूरकर दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, बघत वाढलेलो, तो खांब बघूनच भरून आलं. घाईघाईत फ्रेमला टाकलं आणि तिथंच घात झाला, फ्रेमवाल्यानं मापात बसवायला चारी बाजूंनी कापलं, खालची नावाची ओळच गेली. अजून जीव तुटतो.

म्हणून आधी ओळखायला शिका. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं छापील चित्र. एचिंगची रेघ सलग असते, कारण तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईनं चित्र काढतात, मग उघडं पडलेलं तांबं ॲसिड खातं, त्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचा. त्यामुळं शाई किंचित उचललेली लागते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उठतो. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, लगेच दिसतो. जुन्या इंग्रजी साप्ताहिकांतली चित्रं बहुतेक लाकडी ठोकळ्यावरची, त्यांना हा चौकोन नसतो, पण विकणारा एचिंगच म्हणतो.

हा चौकोन आणि खालची ओळ म्हणजे चित्राचा जन्मदाखला. अँटवर्पचा चित्रकार बाल्थाझार सॉल्विन्स कलकत्त्यात राहिला, तिथले सण, पूजा, माणसं त्यानं काढली, पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ मध्ये चार खंड काढले, २८८ चित्रं. त्यातही चरकपूजा आहे. माझं पान त्यातलंच का, हे ती ओळ असती तर कळलं असतं ना!

लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल अजिबात नको. मागं ॲसिड-फ्री बोर्ड (आम्ल नसलेला पुठ्ठा) घाला, साधा पुठ्ठा कागद पिवळा करतो. गव्हाच्या खळीनं फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या लावा, म्हणजे उद्या काढता येतं. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. उन्हाळ्यात कूलरसमोरच्या भिंतीवर टांगू नका, ओल्या हवेनं तांबूस डाग पडतात, आणि देवघरात धूर लागतो.

फ्रेमवाल्याकडं द्यायच्या आधी चारी कडांसकट फोटो काढा आणि त्याच्या पावतीवर त्याच्याच हातानं लिहून घ्या, कागद कापायचा नाही.