मेल मर्जमध्ये फोटो बदलत नव्हता: माझा अनुभव
मालवणात नौकांवरील खलाशांची ओळखपत्रे वर्डच्या मेल मर्जने (एकाच नमुन्यात एक्सेलच्या यादीतील माहिती आपोआप भरणारी सोय) काढताना नावे बिनचूक बदलत होती, फोटो मात्र प्रत्येक पत्रावर दांडी भागातल्या एकाच तांडेलाचा (नौकेच्या म्होरक्याचा) येत होता. एक्सेलच्या रकान्यात फोटो चिकटवून उपयोग नसतो, कारण मर्ज तेथून केवळ मजकूर उचलते. म्हणून त्या रकान्यात मी प्रत्येक फोटोच्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहिला, तोही उलट्या तिरप्या रेघा (\) दुहेरी करून, कारण एकेरी रेघ वर्ड गिळून टाकतो. नंतर कंट्रोल आणि एफ९ दाबून उमटलेल्या महिरपी कंसात इन्क्लूडपिक्चर (INCLUDEPICTURE, फाइलमधले चित्र आणणारी आज्ञा) व त्याच्या पोटात, अवतरणचिन्हांमध्ये, त्या रकान्याचे मर्जफील्ड (MERGEFIELD, यादीतील मजकूर आणणारी आज्ञा) बसवले. (हाताने टंकलेले कंस चालत नाहीत; यात माझी एक दुपार गेली.) तरीही तांडेल हटेना! शेवटी नव्या दस्तऐवजात मर्ज करून, सर्व मजकूर निवडून एफ९ (या आज्ञा ताज्या करणारी कळ) दाबल्यावर ज्याचा चेहरा त्याच्या नावापुढे आला.