टेल चालू, पण लॉग थांबलेला

उबुंटूवर सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदींची फाइल) ‘टेल’ने, म्हणजे फाइलच्या शेवटी येणाऱ्या नव्या ओळी दाखवत राहणाऱ्या कमांडने, पाहताना टर्मिनल मध्येच गप्प झालं, एररही नाही. कारण लॉगरोटेट, लॉग फाइल ठरावीक काळाने बदलणारा प्रोग्राम. तो जुन्या फाइलचं नाव बदलून त्याच नावाची नवी तयार करतो, आणि ‘टेल’ला स्मॉल एफ पर्याय (-f) दिला असेल तर तो जुन्याच फाइलला चिकटून बसतो. कॅपिटल एफ (-F) दिला, प्रश्न सुटला: आता तो नावाचा माग ठेवतो, नवी फाइल आपोआप उघडतो.

टेलच्या पुढे दोन ‘ग्रेप’ (हव्या त्या ओळी गाळून देणारी कमांड) पाइपने, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला देत, जोडले की ओळी उशिरा, झुंडीने येतात. पहिला ग्रेप बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत त्या धरून ठेवतो. त्यालाच ‘लाइन-बफर्ड’ (--line-buffered) पर्याय द्यायचा, म्हणजे तो प्रत्येक ओळ लगेच पुढे पाठवतो. शेवटच्याला गरज नाही, तो थेट टर्मिनलवर लिहितो.

लॉग वाचायची परवानगी नाकारली तर युजरला ‘एडीएम’ (adm, लॉग वाचू शकणारा) ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करा. दर वेळी सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) कशाला?