मोनोक्लोनल अँटीबॉडीला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

रिसेप्टर (संदेश पकडणारं पेशीचं प्रोटीन) शोधायला आपण मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे एकाच जागी चिकटणारी एकसारखी अँटीबॉडी, वापरतो. परवा रात्री साडेअकराला ज्युनियरचा मेसेज, "ताई अँटीबॉडी खराब आलीये, फ्लोमध्ये शिफ्टच नाही." फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री, अँटीबॉडीला लावलेल्या रंगाची चमक एकेका पेशीवर मोजायचं तंत्र, आणि चमक वाढली की शिफ्ट. मी विचारलं पेशी प्लेटवरून कशा काढल्यास, तर म्हणे ट्रिप्सिनने (प्रोटीन कापणारं एन्झाइम), दहा मिनिटं. घ्या! रिसेप्टरचा जो भाग पेशीच्या बाहेर असतो आणि जो अँटीबॉडी धरणार होती, तोच आपण कापून मीडियाबरोबर फेकून दिला, आणि वर नाव अँटीबॉडीचं. सगळेच रिसेप्टर ट्रिप्सिनला बळी पडतात असं नाही, पण आपला पडतो की नाही हे माहीत नसेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये (मिठाचं बफर) ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन, घालून पेशी सोडवाव्यात, थोडा वेळ जास्त जातो, जाऊ दे.

गोष्ट अशी आहे की मोनोक्लोनलला रिसेप्टर वगैरे काही कळत नाही, तिला फक्त एक एपिटोप कळतो, म्हणजे प्रोटीनचा एक छोटासा तुकडा किंवा घडी. ती घडी तुम्ही मोडली, झाकली किंवा कापली की तिच्यासाठी रिसेप्टर संपला. म्हणूनच फ्लोला झकास चालणारा क्लोन (ठरावीक मोनोक्लोनल) वेस्टर्नला, म्हणजे प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने शोधायच्या पद्धतीला, कोरा ब्लॉट (पडदा) देऊ शकतो, कारण एसडीएस या डिटर्जंटमध्ये घडी उलगडलेली असते. डेटाशीटवर कुठल्या कामासाठी तपासलंय ते लिहिलेलं असतं, ते ऑर्डर करायच्या आधी वाचायचं, नंतर नाही. आणि एपिटोप रिसेप्टरच्या पेशीच्या आतल्या शेपटीवर असेल तर सॅपोनिन किंवा ट्रायटनने पेशीला भोकं पाडल्याशिवाय अँटीबॉडी आत शिरणारच नाही.

वेस्टर्नवाल्यांची लाडकी सवय म्हणजे सॅम्पल 95 डिग्रीला पाच मिनिटं उकळणे. साध्या प्रोटीनला ठीक, पण मेम्ब्रेनमधून सात वेळा आरपार जाणारे जीपीसीआर गटाचे रिसेप्टर उकळले की बऱ्याचदा एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलच्या वरच अडकून बसतात. 37 डिग्रीला अर्धा तास ठेवून बघा, दोन्ही सॅम्पल शेजारी शेजारी चालवा, लगेच कळेल.

ब्लॉटवर बँड (प्रोटीनची पट्टी) "चुकीच्या" जागी आला म्हणून घाबरणारेही खूप. ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरचं प्रोटीन नुसतं हिशेबाने साधारण 134 किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं माप) भरतं पण ब्लॉटवर 170 च्या आसपास दिसतं, कारण त्यावर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. शंका असेल तर पीएनजीएज एफ या एन्झाइमने साखर काढा, बँड खाली सरकला पाहिजे.

उलटी चूक जास्त महाग पडते: बँड योग्य जागी आला, म्हणजे रिसेप्टर सापडला! इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं काय झालं बघा, वर्षानुवर्षं लोक त्यावर पेपर काढत होते आणि 2017 मध्ये एका गटाने 13 अँटीबॉडी नीट तपासल्या तर धड एकच निघाली, तीही फारसं कोणी न वापरलेली एक मोनोक्लोनल. मोनोक्लोनल आहे म्हणजे अचूक आहे हा गैरसमज आहे, एकच एपिटोप ओळखते एवढंच, तसाच तुकडा दुसऱ्या प्रोटीनवर असला तर त्यालाही ती तितक्याच प्रेमाने चिकटते. म्हणून रिसेप्टर भरपूर असलेली आणि अजिबात नसलेली अशा दोन्ही पेशी सोबत लावायच्या, ईजीएफआरसाठी भरपूर असलेली ए431 आणि नसलेली सीएचओ. रिसेप्टरचा जीन नॉकआउट केलेली (बंद पाडलेली) पेशींची लाइन मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मॅक्रोफेज, मोनोसाइट असल्या पेशी तर अँटीबॉडी शेपटीकडूनच धरतात, त्यांच्यावर अँटीबॉडीची ती शेपटी (एफसी) पकडणारे एफसी रिसेप्टर असतात ना, त्यामुळे आधी ते झाकणारा एफसी ब्लॉक हवा, शिवाय त्याच फ्लुरोक्रोमचा (चमकणाऱ्या रंगाचा), त्याच प्रमाणातला आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे त्याच प्रकारची पण आपला रिसेप्टर न ओळखणारी अँटीबॉडी. मेलेल्या पेशी कशालाही चिकटतात, सेव्हन-एएडी किंवा पीआय हे मेलेल्या पेशींना रंगवणारे रंग घालून त्यांना बाहेर काढा. स्टेनिंग बर्फावर करा, कारण 37 डिग्रीला पेशी अँटीबॉडीसकट रिसेप्टर आत ओढून घेऊ शकते. रुग्णांचं सॅम्पल असेल तर औषधं विचारा, रिटुक्सिमॅब (बी पेशींवरच्या सीडी20 प्रोटीनला चिकटणारं अँटीबॉडी औषध) घेतलेल्या माणसाच्या बी पेशींवर सीडी20 आधीच झाकलेला असू शकतो.

बाकी किरकोळ: पीई, एपीसी हे चमकणारे रंग लावलेली अँटीबॉडी फ्रीझरमध्ये टाकू नका, चार डिग्रीला अंधारात ठेवा. एचआरपी (वेस्टर्नमध्ये सिग्नल देणारं एन्झाइम) वापरताना बफरमध्ये सोडियम अझाइड नको, एन्झाइमच बंद पडतं. आणि डायल्युशन सीनियरच्या वहीतून उतरवू नका, आपल्या पेशींवर पाच-सहा प्रमाणं लावून स्वतः ठरवा, जास्त अँटीबॉडी म्हणजे जास्त सिग्नल नाही, जास्त बॅकग्राउंड.

काल ज्युनियरने ईडीटीएने पेशी काढून परत लावलं, शिफ्ट आला, फोटोबरोबर तीन नाचणाऱ्या इमोजी. मी विचारलं आयसोटाइप लावला होतास का, तर दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.